युद्धात म्युझियम, जुन्या वास्तूंना 'एनहान्स्ड प्रोटेक्शन' : अर्ज कोण करतं, कागदपत्रं काय लागतात

युक्रेन किंवा लेबनॉनच्या बातम्यांमध्ये "युनेस्कोने इतक्या ठिकाणांना एनहान्स्ड प्रोटेक्शन दिलं" (म्हणजे युद्धात वारसास्थळांना मिळणारं वरच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय संरक्षण) असं वाचलं की वाटतं युनेस्कोवाले स्वतःच बसून यादी काढत असतील. तसं नसतं, रीतसर अर्ज जातो, आणि तो सरकारनेच करायचा असतो, म्युझियमच्या डायरेक्टरने किंवा तुम्ही-आम्ही नाही.

आधी पात्रता बघू. युद्धात सांस्कृतिक वारसा वाचवण्यासाठीचा १९५४ चा हेग करार आहे आणि त्याला जोडलेला १९९९ चा सेकंड प्रोटोकॉल (पुरवणी करार) आहे, तो २००४ पासून लागू झाला. हे प्रोटेक्शन त्या प्रोटोकॉलमधलं, म्हणजे देश त्यात सामील हवा. भारताने मूळ करार १९५८ मध्येच मंजूर केलाय पण सेकंड प्रोटोकॉलमध्ये आपण नाही, त्यामुळे अजिंठा घ्या नाहीतर सीएसएमटी, वर्ल्ड हेरिटेज असूनही आपला अर्ज जाऊच शकत नाही.

देश आत असेल तर जागेसाठी तीन अटी. एक, तो वारसा सगळ्या मानवजातीसाठी अतिशय महत्त्वाचा हवा (वर्ल्ड हेरिटेज यादीत नाव असेल तर हे सहसा मान्य होतं). दोन, देशाच्या कायद्यात त्याला वरच्या दर्जाचं संरक्षण हवं, आणि नुसता संरक्षित स्मारकाचा बोर्ड लावून भागत नाही, नुकसान करणाऱ्याला शिक्षेचं कलम आहे का, सैन्याच्या ट्रेनिंगमध्ये आणि प्लॅनिंगमध्ये ही जागा धरली आहे का, हेपण बघतात. तीन, जागेचा लष्करी वापर नको, आडोसा म्हणूनसुद्धा नको, आणि पुढेही करणार नाही असं लेखी डिक्लेरेशन द्यायचं.

माझ्या मते खरी मेख त्या डिक्लेरेशनमध्येच आहे. किल्ला, टेकडीवरचं देऊळ, शहराच्या मधोमध उंच इमारत, असल्या जागांवर लष्कराचा डोळा असतोच, आणि एकदा लिहून दिलं की आपल्याच सैन्याचे हात बांधले जातात.

कागदपत्रं म्हणाल तर युनेस्कोचा ठरलेला फॉर्म इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये भरायचा, सोबत जागेचं वर्णन आणि इतिहास, हद्द आणि कोऑर्डिनेट्स दाखवणारा नकाशा, फोटो, कायद्यांची माहिती, जबाबदार खातं कोणतं ते, आणि वरचं डिक्लेरेशन. अर्ज पॅरिसला सेक्रेटरिएटकडे जातो, तिथून १२ देशांच्या कमिटीकडे. बाकी सदस्य देशांना कळवलं जातं, कुणाला हरकत घ्यायची असेल तर ६० दिवस मिळतात, पण हरकत ह्या तीन अटींवरच घ्यायची, राजकारण काढायचं नाही. हरकत आली असेल तर मंजुरीला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी चार पंचमांश मतं लागतात, म्हणजे बाराही जण हजर असतील तर १०. पहिली मंजुरी २०१० मध्ये मिळाली, सायप्रसची तीन ठिकाणं आणि इटलीतला कास्तेल देल मोंते किल्ला.

लढाई सुरूच झाली असेल तर इमर्जन्सी अर्ज करता येतो, त्यात देशांतर्गत कायद्याची दुसरी अट बाजूला ठेवतात, पहिली आणि तिसरी मात्र लागतेच, आणि मिळतं ते तात्पुरतं संरक्षण, पुढची नेहमीची प्रक्रिया संपेपर्यंत. सप्टेंबर २०२३ मध्ये युक्रेनच्या २० ठिकाणांना असंच मिळालं, नोव्हेंबर २०२४ मध्ये लेबनॉनच्या ३४ ठिकाणांना, त्यात बालबेक आणि टायर ही प्राचीन शहरं आहेत.

आता मिळून फायदा काय? साध्या संरक्षणात "लष्करी गरज होती" म्हणून सुटायला वाट आहे, इथे ती जवळपास बंद, जागेचा स्वतःचाच वापर लष्करी होत असेल तरच ती टार्गेट होऊ शकते आणि तेही वरून आदेश, शक्य असेल तिथे आधी इशारा वगैरे करून. नाहीतर तो गंभीर गुन्हा. पण जास्त आशा धरू नका, युक्रेनमधल्या खार्किवच्या देर्झप्रोम इमारतीला हे संरक्षण होतं तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यावर रशियाचा बॉम्ब पडला. रशिया सेकंड प्रोटोकॉलमध्ये नाहीच, म्हणून त्यातली शिक्षेची कलमं त्यांच्या सैनिकांना थेट लागत नाहीत, १९५४ चा करार तेवढा लागतो.

संस्थांना एक दार उघडं आहे बरं का, ब्लू शील्ड (युद्धात वारसा वाचवण्यासाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) किंवा ह्या विषयातल्या जाणकार एनजीओ एखाद्या जागेची शिफारस कमिटीकडे करू शकतात आणि मग कमिटी त्या देशाला "अर्ज करा" असं सांगू शकते. अर्थात तो देश आधी प्रोटोकॉलमध्ये असला पाहिजे.