कंपोनंट टेस्टर

रेझिस्टर, कपॅसिटर, कॉइल, डायोड, ट्रान्झिस्टर असले सुटे पार्ट लावले की ओळखून पाय आणि व्हॅल्यू दाखवणारा छोटा, स्वस्त किंवा घरी बनवलेला मीटर. ट्रान्झिस्टर टेस्टर, एलसीआर (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर) मीटर ही नावंही चालतात, पण दुसरं तितकंसं बरोबर नाही, कारण खरा एलसीआर मीटर ठरावीक फ्रिक्वेन्सीचा एसी सिग्नल देऊन मोजतो आणि हा तसं करत नाही.

उगम : पार्ट मोजायची जुनी पद्धत ब्रिजची, म्हणजे माहितीतल्या पार्टांशी तोल साधून अनोळखी पार्ट मोजायच्या सर्किटची. व्हीटस्टन ब्रिज हे नाव सगळ्यांना पाठ असतं, पण ते सर्किट सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्येच मांडलं होतं, चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ते वापरून दाखवलं आणि श्रेय ख्रिस्टींचं असल्याचं स्वतःच सांगितलं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. या टेस्टरचंही थोडंफार तसंच झालंय. एव्हीआर जातीच्या मायक्रोकंट्रोलरवरचं (एका चिपमधल्या छोट्या कॉम्प्युटरवरचं) मूळ डिझाइन जर्मनीतल्या मार्कुस फ्रेयेक यांचं, साधारण २००९ च्या आसपासचं. पुढे कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी ते खूप वाढवलं, कॉइल आणि ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) मोजणं त्यांच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये, आलं, आणि मार्कुस रेश्के यांनी त्या प्रोग्रॅमची वेगळी शाखा चालवली. मग जनक कोण म्हणायचं? नंतरच्या कोडवर गेलं तर क्युबेलर, पण तीन प्रोबची (पार्टच्या पायांना जोडायच्या टोकांची) मूळ कल्पना फ्रेयेक यांच्या प्रोजेक्टमधली, त्यामुळे पहिला मान त्यांना देणं जास्त पटतं. बाजारात एम३२८, टी४ अशा नावांनी मिळणाऱ्या बोर्डांवर बहुधा यांपैकी कोणाचंच नाव नसतं.

काम कसं चालतं : प्रत्येक प्रोबला दोन रेझिस्टर, एक ६८० ओहमचा आणि एक ४७० किलोओहमचा. मायक्रोकंट्रोलर प्रोबला ५ व्होल्ट किंवा ग्राउंड देतो, थेट किंवा या रेझिस्टरमधून, नाहीतर मोकळं सोडतो, आणि सगळी कॉम्बिनेशन्स फिरवून बघतो की करंट कुठून कुठे वाहतोय. रेझिस्टर असेल तर व्होल्टेज डिव्हायडरचा हिशोब, कपॅसिटर असेल तर चार्ज व्हायला लागलेला वेळ, कॉइल असेल तर करंट वाढायला लागलेला वेळ. म्हणजे मोजतो फक्त व्होल्टेज आणि वेळ, बाकी सगळं अनुमान. शिवाय मायक्रोकंट्रोलरच्या पिनांचा स्वतःचा रेझिस्टन्स २० ओहमच्या आसपास असतो, तो वजा केला नाही तर लहान रेझिस्टर चुकीचे येतात, म्हणून तिन्ही प्रोब शॉर्ट करून सेल्फ टेस्ट करायची असते आणि बरेच जण नेमकी तीच करत नाहीत.

मर्यादा : सप्लाय ५ व्होल्टचा, त्यामुळे साधारण साडेचार व्होल्टच्या वरचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटा करंट सोडणारा डायोड) साधा डायोड म्हणूनच दिसतो. थायरिस्टर (स्विचसारखा पार्ट) चालू करणाऱ्या पायाला, म्हणजे गेटला, ७ मिलीअँपिअरच्या आतच करंट मिळतो, म्हणून मोठे थायरिस्टर ओळखता येत नाहीत. कपॅसिटर आधी डिस्चार्ज केलाच पाहिजे, नाहीतर चिप उडते.

पिकोफॅरॅडमध्ये : इतक्या लहान कपॅसिटरला हा टेस्टर लंगडा पडतो, आणि एलएम३११ कंपॅरेटरवर (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या चिपवर) बनवलेला, कॉइल आणि कपॅसिटर मोजणारा एलसी मीटर कामी येतो, ज्याच्याशी नील हेक्ट यांचं नाव जोडलं जातं. ८२ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १००० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर मिळून सुमारे ५५० किलोहर्ट्झवर ऑसिलेट होतात. अनोळखी कपॅसिटर समांतर लावला की फ्रिक्वेन्सी उतरते आणि आधीच्या आणि नंतरच्या फ्रिक्वेन्सींच्या वर्गांवरून (स्क्वेअरवरून) व्हॅल्यू निघते. कॅलिब्रेशन एका माहितीतल्या कपॅसिटरवर होतं, तोच ५ टक्क्यांचा असला तर डिस्प्लेवरच्या चार आकड्यांना फारसा अर्थ नाही.

एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायचे बारीक पार्ट) : सिरॅमिक एसएमडी कपॅसिटरवर बहुधा काहीच छापलेलं नसतं, त्यामुळे मोजण्याशिवाय इलाज नाही. चिमट्यासारखे प्रोब सोयीचे, पण त्यांचा आणि वायरींचा कपॅसिटन्स एकदोन पिकोफॅरॅड सहज भरतो, म्हणून टोकं तेवढ्याच अंतरावर धरून आधी शून्य करावं आणि पार्ट बोटात धरू नये. ०६०३ हा आकार इंची पद्धतीत १.६ × ०.८ मिमी, मेट्रिकमध्ये मात्र ०.६ × ०.३ मिमी, यात फसलेले कमी नाहीत. एक्स७आर, वाय५व्ही या सिरॅमिक कपॅसिटरच्या प्रकारांत डीसी व्होल्टेज वाढलं की कपॅसिटन्स घटतो, त्यामुळे टेस्टरवर पूर्ण दिसलेली व्हॅल्यू सर्किटमध्ये बरीच कमी भरू शकते.