चिकट थेंब आणि पिंजलेला धागा : धुऱ्यावरची दोन जाळी

पावसाळा सरत आला की विदर्भात शेताच्या धुऱ्यावर कोळ्यांची दोन तऱ्हेची जाळी दिसू लागतात. तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या दोन झाडांमध्ये उभे ताणलेले नीटनेटके चक्राकार जाळे हे एक. बोराटीच्या किंवा बाभळीच्या काट्यांत अडकलेले, वाळका पाला आणि किड्यांची टरफले गुंतलेले मळकट जाळे हे दुसरे. या दुसऱ्याला पुष्कळ जण जुने, टाकून दिलेले जळमट समजतात. प्रत्यक्षात ते वापरातले जाळे असते, आणि त्याचा खरा वेगळेपणा आकारात नसून आलेला किडा धरून ठेवण्याच्या रीतीत असतो.

चक्राकार जाळ्याचा प्रत्येक धागा चिकट नसतो. मध्यापासून कडेकडे गेलेले धागे कोरडे, मजबूत आणि बेताचेच ताणले जाणारे असतात. त्यांच्यावरून किड्याची धडपड कोळ्यापर्यंत पोहोचते. चिकटपणा असतो तो फेऱ्या घेत गेलेल्या सर्पिल धाग्याला. हा धागा भिंगाखाली धरला तर त्यावर जवळजवळ सारख्या अंतरावर ओवलेले अतिसूक्ष्म थेंब दिसतात, आणि सकाळचे दव उन्हाने उडून गेल्यावरही ते जागेवरच असतात. थेंबात साखरयुक्त प्रथिनांचा डिंक असतो आणि त्याच्याभोवती हवेतला ओलावा ओढून घेणारे क्षार असतात. या ओलाव्यामुळेच डिंक मऊ राहतो, किड्याच्या अंगावर पसरतो आणि ओढला असता लांबतो. खालचा धागा तर मूळ लांबीच्या दुपटी-तिपटीहूनही अधिक ताणला जाऊ शकतो. त्यामुळे वेगाने आदळलेला टोळ उसळून बाहेर पडत नाही, त्याचा जोर धाग्यातच जिरतो.

याच रचनेत तिचा कमकुवतपणाही आहे. हवा फार कोरडी झाली की डिंक घट्ट होतो, धूळ बसली की त्याची पकड जाते, आणि पतंगासारख्या कीटकाच्या पंखांवरचे खवले डिंकाला चिकटून गळतात व पतंग निसटतो. म्हणून चक्राकार जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे खाऊन टाकतात, त्यातली प्रथिने पुन्हा वापरतात आणि नवे विणतात. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, पाय जोडीजोडीने फुलीसारखे पसरून बसणारा अर्जिओपे हा याच गटातला. त्याच्या जाळ्यातली पांढरी नागमोडी नक्षी नेमकी कशासाठी, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

काटेरी कुंपणावरचे मळकट जाळे बहुधा स्टेगोडायफस सारासिनोरम या सामाजिक कोळ्याचे असते. एकाच घरट्यात अनेक कोळी राहतात आणि मोठा किडा अडकला की मिळून त्याला आवरतात. त्यांच्या धाग्यावर डिंकाचा थेंबही नसतो. पोटाखालच्या चाळणीसारख्या पट्टीतून दहा ते तीस नॅनोमीटर जाडीचे हजारो तंतू बाहेर पडतात, आणि मागच्या पायांवरच्या राठ केसांच्या फणीने कोळी ते पिंजाऱ्याने रुई पिंजावी तसे पिंजून मूळ धाग्याभोवती फुलवतो. इतके बारीक तंतू किड्याच्या पृष्ठभागाला इतक्या ठिकाणी टेकतात की रेणूंमधले क्षीण आकर्षणही मिळून मोठी पकड होते. केस आणि काटे त्यांत गुंततात ते वेगळेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की किड्याच्या अंगावरचे मेण या तंतूंमध्ये शोषले जाते आणि पकड आणखी बळकट होते. किडा स्वतःच्याच मेणाने जखडला जातो, ही या साऱ्या व्यवहारातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

असा धागा काढणे वेळखाऊ असते. पण सुकण्यासारखा डिंकच नसल्याने तो कोरड्या हवेत दीर्घकाळ उपयोगी राहतो. पाणी मात्र त्याला मानवत नाही: भिजल्यावर फुललेले तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि पकड घटते.

आकारावरून मात्र निवाडा करू नये. गोठ्याच्या किंवा घराच्या कोपऱ्यात आडवे चक्राकार जाळे विणणारा झोसिस हा लहान कोळी सर्पिल धाग्यासाठी पिंजलेलेच रेशीम वापरतो. त्याच्या कुळातल्या कोळ्यांना विषग्रंथी नसतात, त्यामुळे दंश करण्याऐवजी ते शिकारीभोवती रेशमाचे वेढ्यावर वेढे देतात आणि ती पुरती आवळली गेल्यावरच खायला सुरुवात करतात.