सातभाईंची हजेरी

नागपुरात सातभाई बघायला लांब जावं लागत नाही. सेमिनरी हिल्स, अंबाझरी, नाहीतर घरामागच्या पेरूखाली सहा-आठ मातकट पक्षी पाचोळा उलटताना दिसतातच. त्यांचा गलका सुरू झाला की माझी आजी म्हणायची, "पाय, लागले पुन्हा भांडाले!"

भांडतातही ते. पण मला त्यांच्या गलक्यापेक्षा कुरकुर जास्त आवडते. एकदा चैत्रात गोरेवाड्याजवळ अर्धा तास बसलो होतो. सागाचं वाळकं पान चोचीनं पलटायचं, खालचा किडा टिपायचा आणि मान वर न करताच गळ्यातल्या गळ्यात एक 'कुर्र', असं चाललेलं. आवाज इतका हळू की दहा-बारा पावलं मागे सरलो तर ऐकूच येईना. त्यातला एक घाणेरीच्या जाळीआड गेला आणि त्याची कुरकुर वाढली. पलीकडून उत्तर आलं तेव्हा कुठे थांबली.

हीच संपर्काची साद. दिवाळीत बर्डीच्या बाजारात खरेदीला निघालेलं कुटुंब आठवा. मोकळ्या मैदानात कुणी कुणाला हाक मारत नाही, पण बाजाराच्या गर्दीत दर दोन दुकानांनंतर "पिंट्या, कुठं हायेस?" असतंच. झाडोऱ्यात पाखरांचं तसंच होतं. दिसेनासं झालं की आवाजावर भिस्त. त्यात उंच स्वर पानांमध्ये लवकर विरतात, आणि मोकळ्या हवेतही अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो. मग मोठ्यानं का ओरडू नये? कारण शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्यालाही कान आहेत.

आपल्या सातभाईंचे काळे-पांढरे भाऊबंद आफ्रिकेतल्या कालाहारीत राहतात. त्यांच्या अभ्यासातून गंमत कळली ती अशी, की ही हळू साद नुसतं 'मी इथे आहे' सांगत नाही, 'इथे मी खातोय, तू जरा सरक' हेही सांगते. म्हणजे थवा एकत्र ठेवणारा आवाजच दोघांमधलं अंतरही राखतो. त्यांच्यातला एक जण उंच फांदीवर पहाऱ्याला बसतो आणि अधूनमधून बारीक आवाज देत राहतो. 2008 साली संशोधकांनी हा आवाज ध्वनिमुद्रित करून थव्याला ऐकवला. खाली चरणारे पक्षी डोकं कमी वेळा वर काढू लागले, जास्त पांगले आणि त्यांच्या पोटात जास्त किडे गेले. पहारेकरी जागा आहे एवढं कळलं की पुरे.

सोबत किती जण आहेत, यानंही बोली बदलते. उत्तर अमेरिकेतल्या कॅरोलिना चिकडी या चिमुकल्या पक्ष्यांच्या मोठ्या थव्यांत सादेची रचना जास्त गुंतागुंतीची असते, असं 2006 मध्ये दिसून आलं.

राहिली ही साद बुडवणारी गाड्यांची घरघर. गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरानं 1911 मध्येच नोंदवलं होतं. थव्यानं राहणारे झेब्रा फिंच हे छोटे पक्षीही तेच करतात.

त्या दिवशी गोरेवाड्याचा थवा एकामागोमाग एक रस्ता ओलांडून गेला. शेवटचा अलीकडेच राहिला आणि नेमका मध्ये ट्रक आला. ट्रक जाईस्तोवर तो गप्प बसला, मग दोनदा चांगलाच ओरडला. पलीकडच्या बाभळीतून 'कुर्र' आलं, तसा जमिनीलगत उडत तो निघून गेला.