‘विम्बल्डन’: पडद्यावरच्या प्रेमकथेमागचे टेनिस

रिचर्ड लॉनक्रेन दिग्दर्शित ‘विम्बल्डन’ हा चित्रपट सप्टेंबर २००४ मध्ये प्रदर्शित झाला. जागतिक क्रमवारीत ११९व्या स्थानावर घसरलेला, निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा असलेला इंग्रज खेळाडू पीटर कोल्ट वाइल्ड कार्डवर (क्रमवारीनुसार पात्र नसतानाही आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर) स्पर्धेत उतरतो, लिझी ब्रॅडबरी या अमेरिकी खेळाडूच्या प्रेमात पडतो आणि विजेतेपदापर्यंत मजल मारतो, हे कथानक कोणालाही अतिरंजित वाटावे असेच आहे. मात्र त्यातला सर्वांत अविश्वसनीय भाग तीनच वर्षांपूर्वी त्याच हिरवळीवर प्रत्यक्ष घडून गेला होता.

१९९२, १९९४ आणि १९९८ असे तीन अंतिम सामने हरलेला क्रोएशियाचा गोरान इव्हानिसेविच २००१ मध्ये १२५व्या स्थानावर होता आणि केवळ वाइल्ड कार्डमुळे त्याला प्रवेश मिळाला होता. उपांत्य फेरीत ब्रिटनच्या टिम हेनमनने तिसरा सेट ६-० असा जिंकून त्याला जवळजवळ बाहेर काढले होते; पण पाऊस आला, सामना तीन दिवस रेंगाळला आणि त्या खंडांमध्ये इव्हानिसेविच सावरला. सोमवारवर ढकललेल्या अंतिम सामन्यात त्याने पॅट राफ्टरला पाचव्या सेटमध्ये ९-७ असे नमवले. वाइल्ड कार्डवर विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू आहे.

चित्रपटाने हा चमत्कार उचलला, पण नायक ब्रिटिश केला, आणि माझ्या मते खरी चतुराई येथेच आहे. १९३६ मधील फ्रेड पेरीच्या विजयानंतर एकाही ब्रिटिश पुरुषाला ही एकेरी जिंकता आली नव्हती. हेनमनचा तो पराभव तर प्रेक्षकांच्या मनात ताजाच होता. वास्तवात ही प्रतीक्षा २०१३ मध्ये अँडी मरेने संपवली.

प्रेमकथेचा धागाही टेनिसला परका नव्हता. १९७४ मध्ये जिमी कॉनर्स आणि ख्रिस एव्हर्ट या वाङ्‌निश्चय झालेल्या जोडीने पुरुष व महिला एकेरीची दोन्ही विजेतेपदे मिळवली होती. त्यांचे लग्न मात्र झाले नाही. पीटर आणि लिझीच्या कथेत सामन्यांचे समालोचन करताना, जॉन मॅकेन्रोच्या शेजारी, हीच ख्रिस एव्हर्ट दिसते.