दळण्याआधीची निवड : सेन्सर वर्गीकरणाची पार्श्वभूमी

खाणीतून वर आलेल्या दगडांत कामाचा भाग थोडा असतो. तरीही सगळा ढीग भरडायचा, दळायचा आणि मग बिनकामाचा भाग टाकून द्यायचा, यात वीज आणि पाणी फुकट जाते. म्हणून दळण्याआधी दगड निवडण्याची खटपट फार जुनी आहे. सेन्सर वर्गीकरण म्हणजे हीच निवड, पण माणसाच्या डोळ्यांऐवजी यंत्राच्या सेन्सरने केलेली. 1556 साली छापलेल्या, आग्रिकोला या जर्मन विद्वानाच्या खाणविद्येच्या ग्रंथातही लांब टेबलांवर खनिज निवडणाऱ्या बायका आणि मुले दिसतात. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही लहान मुले पन्हाळीवर वाकून घसरत्या कोळशातला पाटीचा दगड वेचत, बोटे सुजून रक्ताळेपर्यंत.

हे काम यंत्राकडे जायला सुरुवात झाली ती युरेनियममुळे. हा दगड स्वतःच गॅमा किरण सोडतो, त्यामुळे पट्ट्याजवळ गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारे उपकरण) ठेवला तरी कामाचा दगड ओळखू येतो. कॅनडात 1940 च्या दशकातच असे प्रयोग सुरू झाले होते.

बाकीची खनिजे इतकी बोलकी नसतात. त्यांच्यासाठीचे तंत्र आले चक्क धान्याच्या गोदामातून. ब्रिटनची सॉर्टेक्स कंपनी 1947 पासून फोटोसेलने, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरने, रंग पाहून वाटाणे-घेवड्यातले खराब दाणे उडवत असे. खनिज निवडणारी यंत्रेही पुढे तिनेच बनवली. हिऱ्यांच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीत 1890 च्या दशकापासून ग्रीस लावलेली टेबले होती. पाण्याबरोबर खडी वाहून जाई, हिरा मात्र ग्रीसला चिकटून राही. नंतर क्ष-किरणांत हिरा निळसर चमकतो, या गुणावर यंत्रे उभी राहिली.

तरीही सेन्सरने दगड निवडण्याचे हे तंत्र बरीच वर्षे कोपऱ्यातच राहिले. माझ्या मते अडचण ओळखण्याची नव्हती, उरकाची होती. दगड एकेक करून तपासायचे म्हटले की तासाला हाती येणारे टन मोजकेच. तेवढ्यात दगड दळणाऱ्या अजस्र गिरण्या आल्या आणि ‘सरसकट दळा’ हा हिशेब स्वस्त पडू लागला. पुढे खनिजातले धातूचे प्रमाण घसरले, विजेचा खर्च डोळ्यांत भरू लागला आणि संगणक झपाट्याने वेगवान झाले, तेव्हा पारडे फिरले.

आताच्या यंत्रात सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने धावणाऱ्या पट्ट्यावर खडी एका थरात पसरलेली असते. वरून क्ष-किरण आरपार जातात. दोन ऊर्जापातळ्यांवरच्या प्रतिमांची तुलना केली की दगडाची जाडी हिशेबातून वजा होते आणि त्यातले अणू किती जड आहेत ते कळते. टंगस्टन हा जड धातू, त्याचा दगड या प्रतिमेत काळा दिसतो, म्हणून ऑस्ट्रियातल्या मिटरझिलच्या टंगस्टन खाणीने ही पद्धत घेतली. पट्टा संपतो तिथे हवेचा फटकारा नेमका निवडलेला दगडच बाजूला उडवतो. बारीक चुरा मात्र आधीच चाळून काढावा लागतो. त्याच्या एकेका कणावर नेम धरणे परवडत नाही.

मोठे, अतिशुद्ध हिरे क्ष-किरणांत कित्येकदा नीट चमकत नाहीत. ते निसटतात आणि पुढे भरडयंत्रात फुटतात. बोट्सवानातल्या कारोवे खाणीने 2015 मध्ये आरपार पाहणारी यंत्रे बसवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 1,109 कॅरटचा ‘लेसेदी ला रोना’ हिरा हाती आला. त्याचाच सुमारे 374 कॅरटचा एक तुकडा मात्र वेगळा सापडला.