आयपिल वेगळी आणि गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या

मेडिकलमध्ये हळूच "ती गोळी द्या" म्हणायचं आणि जे हातात पडेल ते घेऊन निघायचं, असं खूप जणी करतात, पण "ती गोळी" म्हणजे दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा घोळ अंगाशी येऊ शकतो.

आयपिल किंवा आशाताईंकडची ईझी पिल म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी. ती बीजांड बाहेर पडणं लांबवते, बस्स. शुक्राणू आत ५ दिवसांपर्यंत टिकू शकतात, त्यांची बीजांडाशी गाठ पडू नये एवढाच तिचा उपयोग, म्हणून पाकिटावर संबंधांनंतर ७२ तास लिहिलंय म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका, जितक्या लवकर घ्याल तितकं बरं. आणि एकदा दिवस गेले की ही गोळी काहीच करत नाही! "पाळी चुकली म्हणून आयपिल घेतली" असं कुणी सांगितलं की खरंच जीव तुटतो, कारण तोवर तिची वेळ निघून गेलेली असते, पाळी चुकली की आधी टेस्ट करायची. अजून एक, आज गोळी घेतली म्हणून पुढचा महिना सेफ असं अजिबात नसतं. (तांबी, म्हणजे कॉपर-टी, संबंधांनंतर ५ दिवसांच्या आत बसवली तर ती या गोळीपेक्षा जास्त खात्रीची, आणि पुढे काही वर्षं चालते, हे का कुणी सांगत नाही कळत नाही.)

गर्भपाताचं किट म्हणजे आधी मिफेप्रिस्टोन, ते गर्भ टिकवणारं हार्मोन अडवतं, आणि एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, त्याने गर्भपिशवी आकुंचन पावून गर्भ बाहेर पडतो. आपल्याकडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ९ आठवड्यांपर्यंत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. चिठ्ठी उगाच नाही मागत. गर्भ पिशवीऐवजी गर्भनळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही, रक्तस्राव झाला की आपल्याला वाटतं झालं काम, आणि तिकडे नळी फुटून जीवावर बेतू शकतं. म्हणून आधी तपासणी, गरज असेल तर सोनोग्राफी. रक्त जास्त जाणारच, पण सलग २ तास दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

लग्न झालेलं नाही म्हणून डॉक्टरकडे जायला घाबरणाऱ्यांसाठी, गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ ला बदल झालाय, गर्भनिरोधक फेल गेलं हे कारण आता अविवाहित मुलींनाही चालतं. वय १८ च्या वर असेल तर सही फक्त तुमची लागते, नवऱ्याची नाही, आईवडलांची नाही, आणि तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.