चार पेट्या, एकच मोजे : ग्राहकाच्या मनाच्या अभ्यासाची पूर्वपीठिका

फेब्रुवारी उजाडला की सोलापुरात नवी पेठ आणि चाटी गल्लीतल्या दुकानांत एक वेगळंच गिऱ्हाईक दिसायला लागतं. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, हातात छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा. एम.कॉम., एमबीएच्या प्रकल्पांचा हा हंगाम. विषय ठरलेले असतात : सोलापुरी चादरीबाबत ग्राहकांचा कल, तयार कपडे आणि ब्रँडनिष्ठा, ऑनलाइन खरेदीचा किरकोळ दुकानांवर परिणाम. प्रत्येक विधानापुढे पाच घरं, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. दुकानदार गल्ल्यावरची नजर न हटवता ‘सहमत’च्या घरात खुणा करत जातो आणि रात्री एक्सेलमध्ये त्याची टक्केवारी निघते. या रिवाजाला हसणं सोपं आहे. पण त्या पाच घरांमागे सव्वाशे वर्षांहून जुना वाद आहे. माणूस एखादी वस्तू का घेतो, हे त्यालाच विचारून कळतं का?

विचारायला सुरुवात केली ती अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या हार्लो गेल यांनी. १८९५ मध्ये त्यांनी जवळपासच्या सुमारे २०० व्यावसायिकांना टपालाने प्रश्न पाठवले : जाहिरातीने लक्ष कसं वेधलं जातं, खरेदी कशामुळे होते? उत्तरं आली जेमतेम दहा टक्के. आपल्याकडच्या पोरांना हा आकडा ऐकून बरं वाटेल. पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे वॉल्टर डिल स्कॉट यांनी १९०३ मध्ये जाहिरातीच्या सिद्धान्तावर पुस्तक लिहिलं. ग्राहक हा हिशेब करणारा कमी आणि सूचनेला बळी पडणारा जास्त, हा त्यांचा रोख होता. १९२० मध्ये जॉन वॉटसन हे वर्तनवादाचे, म्हणजे मनात डोकावण्याऐवजी दिसणारं वागणं अभ्यासणाऱ्या पंथाचे, प्रवर्तक जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सोडून न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीत गेले आणि चार वर्षांत तिचे उपाध्यक्ष झाले. वर्गातलं मानसशास्त्र बाजारात आलं ते असं, पगारवाढ घेऊन.

मग १९३२ साल आलं. या एकाच वर्षात वादाच्या दोन्ही बाजू छापून आल्या. कोलंबिया विद्यापीठाच्या रेन्सिस लिकर्ट यांनी माणसाचा कल मोजण्याची पाच पायऱ्यांची पट्टी मांडली. सोलापुरातल्या प्रश्नावलीवर आजही तीच छापली जाते. मुळात ती साबण-चादरीसाठी नव्हतीच. वंशभेद, साम्राज्यवाद, आंतरराष्ट्रीय संबंध अशा प्रश्नांवर विद्यार्थ्यांची मतं मोजण्यासाठी ती बनवली होती.

त्याच वर्षी डोनाल्ड लेअर्ड यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावात त्यांच्या माणसांनी सुमारे २५० गृहिणींना घरोघर जाऊन चार पेट्यांतले लांब रेशमी मोजे दाखवले आणि सर्वांत चांगला जोड कुठला ते विचारलं. चारही जोड एकाच मालाचे. फरक फक्त वासाचा होता. एका पेटीत मोज्यांचा मूळ वास, उरलेल्या तिघींत निरनिराळे मंद सुगंध. निम्म्या बायकांनी नार्सिसस फुलाच्या वासाची पेटी निवडली आणि मूळ वासाच्या पेटीला जेमतेम आठ टक्के मतं पडली. कारण विचारल्यावर कुणी वीण सांगितली, कुणी पोत, कुणी टिकाऊपणा. वासाची शंका आली ती फक्त सहा जणींना.

सोलापूरकराला हा प्रयोग समजावून सांगावा लागत नाही. पहिली सूतगिरणी, म्हणजे आजही ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी, इथे एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात उभी राहिली. मग इतर गिरण्या आल्या, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हातमाग आले, त्यांचे यंत्रमाग झाले. चादरीच्या दोन घड्या एकाच मागावरच्या असूनही गिऱ्हाईक एक नाकारतं आणि दुसरी उचलतं, हे इथल्या विक्रेत्याच्या पिढ्यानपिढ्यांच्या सवयीचं आहे. लेअर्ड यांनी ते मोजून दाखवलं, एवढंच.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे या अभ्यासाने व्हिएन्नाचं वळण घेतलं. तिथून अमेरिकेला गेलेले पॉल लाझार्सफेल्ड आणि अर्न्स्ट डिख्टर हे दोघं त्याचे धनी. डिख्टर फ्रॉइडच्या वाटेने गेले. साबण, मोटार, केकचं पीठ, सगळ्यांत त्यांना दडलेल्या इच्छा दिसत. त्यांच्या निष्कर्षांतले बरेच आज ऐकवत नाहीत. पण लोकांना मोकळेपणी तासभर बोलू द्यायचं, ही त्यांची रीत टिकली.

याच काळातला मेसन हेअर यांचा १९५० चा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. तयार इन्स्टंट कॉफी नको म्हणणाऱ्या बायका कारण सांगत : चव आवडत नाही. हेअर यांनी वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. पाव, गाजरं, बटाटे, बेकिंग पावडर, सगळं सारखं. एकीत इन्स्टंट कॉफी, दुसरीत नेहमीची दळलेली. वेगवेगळ्या बायकांना एकेक यादी देऊन विचारलं, ‘ही यादी करणारी बाई कशी असेल?’ इन्स्टंटवालीला जवळपास निम्म्या जणींनी आळशी ठरवलं, दुसरीला शंभरात चौघींनी. म्हणजे अडचण चवीची नव्हती, ‘लोक काय म्हणतील’ याची होती. वीस वर्षांनी, १९७० मध्ये, हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा तो फरक उरला नव्हता. बाजारातलं सत्य किती दिवसांचं असतं, याचा याहून चांगला पुरावा शोधून मिळणार नाही. एखाद्या विद्यार्थ्याने एका यादीत ज्वारीचं पीठ आणि दुसरीत पाकिटातली कडक भाकरी लिहून आपल्या गावातल्या आजी, सून आणि नात यांना वेगवेगळं विचारावं. खर्च शून्य, आणि प्रश्नावलीपेक्षा दसपट हाती लागेल.

लबाडीही याच सुमाराला झाली. सिनेमाच्या पडद्यावर क्षणभर अदृश्य संदेश दाखवून पॉपकॉर्न आणि कोका-कोलाची विक्री वाढवल्याचा दावा जेम्स विकॅरी यांनी १९५७ मध्ये केला. पाच वर्षांनी त्यांनीच कबूल केलं की हाताशी पुरेशी माहिती नव्हती. ही गोष्ट आजही मार्केटिंगच्या शिबिरांत खरी म्हणून सांगितली जाते.

विद्याशाखा म्हणून विषय उभा राहिला तो साठच्या दशकाअखेर. १९६९ मध्ये जॉन हॉवर्ड आणि जगदीश शेठ यांनी खरेदीदाराच्या वर्तनाचा सिद्धान्त मांडला, त्याच वर्षी संशोधकांची संघटना झाली आणि १९७४ मध्ये या विषयाचं स्वतंत्र नियतकालिक निघालं. शेठ मूळचे गुजराती, जन्म रंगूनचा, वाढले मद्रासला. चौकोन आणि बाणांनी भरलेली त्यांची आकृती परीक्षेसाठी घोकणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? आपल्याकडे घरखर्चाची मोजणी त्याआधीच मोठ्या प्रमाणावर सुरू झाली होती. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण आलं. पण त्याचा प्रश्न होता काय आणि किती घेतलं. ‘का’ हा प्रश्न व्यवस्थापन संस्थांकडे आणि साबण-तेलाच्या कंपन्यांकडे राहिला. सोलापूरची कॉलेजं तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. इथलं विद्यापीठ २००४ चं, एका जिल्ह्यापुरतं. बाजाराच्या दारातच विद्यापीठ असणं ही खरं तर चैन आहे, वापरली तर.

चादरीच्या दृष्टीने कळीचा निबंध १९६५ चा आहे. रॉबर्ट स्कूलर यांनी ग्वाटेमालातल्या विद्यार्थ्यांना कापडाचा तुकडा आणि फळांचा रस दाखवला. माल सारखाच, चिठ्ठीवर देश मात्र वेगवेगळे. शेजारच्या काही देशांचं नाव दिसताच तोच माल हलका ठरला. नावगावाचा मालावर पडणारा हा प्रभाव पुढे शेकडो अभ्यासांचा विषय झाला. ‘सोलापुरी’ म्हणून दुसरीकडे विणलेला माल विकला जातो, ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे ते याच नावाच्या राखणीसाठी. मात्र मानांकनाचं चिन्ह पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट करत आलेल्या यात्रेकरूच्या नजरेत किती भरतं, हे स्कूलर यांच्या पद्धतीने एका दुपारीत तपासता येईल. त्यासाठी ‘आपणास मानांकनाविषयी माहिती आहे का?’ असं विचारायची गरज नाही. विचारलं की माणूस ‘हो’ म्हणतो.

हे ‘हो’ किती पोकळ असतं ते १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी दाखवलं. पुन्हा मोजेच, या वेळी नायलॉनचे. दुकानात चार एकसारखे जोड ओळीने मांडले. सर्वांत उजवीकडचा जोड सर्वांत डावीकडच्यापेक्षा तिपटीहून जास्त जणांनी निवडला. जागेमुळे निवडला असं आपणहून एकानेही सांगितलं नाही. आणि तसं थेट विचारल्यावर लोक प्रश्नकर्त्याकडे, हा ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने बघायला लागले. कारण ठाऊक नसतं, म्हणून माणूस पटेल असं कारण तयार करतो, हा त्यांचा निष्कर्ष.

मानसशास्त्रज्ञ कानेमन-ट्वर्स्की आणि अर्थतज्ज्ञ थेलर यांच्यामुळे हा विचार अर्थशास्त्रात शिरला, नोबेलपर्यंत गेला. ते सर्वांना माहीत आहे. थेलर यांचं १९८५ चं ‘मनातल्या खात्यांचं’ विवेचन गिरणगावात वाढलेल्याला नवं वाटणार नाही. पगार किराण्याचा आणि बोनस दिवाळीच्या कापडाचा, हा हिशेब घरोघरी होताच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते जोअॅन पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं स्पर्शावरचं काम. वस्तू नुसती हातात घेतली तरी ती आपलीशी वाटू लागते, हे त्यांनी २००९ मध्ये दाखवलं. न मागता पाच चादरी उलगडून गिऱ्हाइकाच्या मांडीवर टाकणारा विक्रेता हेच करत असतो, आणि मोबाइलच्या पडद्यावरच्या चादरीची खरी उणीव हीच आहे.

अलीकडची पंधरा वर्षं या शास्त्राला जड गेली. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांतले ९६ टक्के नमुने, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग झाले ती माणसं, जगाच्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतून येतात. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्क्यांत पूर्वीसारखा ठोस निकाल मिळाला. जॅमच्या २४ बरण्यांपुढे गिऱ्हाईक गोंधळतं आणि सहा बरण्यांपुढे विकत घेतं, हा २००० सालचा गाजलेला प्रयोग घ्या. दहा वर्षांनी अशा पन्नास प्रयोगांची बेरीज केली, तेव्हा सरासरी परिणाम शून्याजवळ आला. लग्नाच्या साड्यांच्या दुकानात शंभर साड्या उलगडल्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही, त्यांनी हे आधीच सांगितलं असतं.

भारतीय ग्राहकावरच बेतलेलं काम थोडं आहे, पण आहे. आराधना कृष्णा आणि रोहिणी अहलुवालिया यांनी २००८ मध्ये जाहिरातीच्या भाषेवर केलेला अभ्यास त्यातला. बहुराष्ट्रीय कंपनीने हिंदी वापरली की इंग्रजी, याने ग्राहकाच्या मतात फरक पडतो : चैनीच्या वस्तूला इंग्रजी मानवते, रोजच्या गरजेच्या वस्तूला हिंदी किंवा मिश्र भाषा. देशी कंपनीच्या बाबतीत मात्र हा फरक दिसला नाही. त्या अभ्यासात भाषा दोनच होत्या. सोलापुरात विक्रेता गिऱ्हाईक पायरी चढताना त्याचा पेहराव बघतो, दोन शब्द ऐकतो आणि मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी यांतली एक धरतो. भाव सांगताना कधी ती बदलतोही.